ओढणीची गाठ आणि मोबाइलमधली यादी

माझी अम्मी लातूरला राहते. काही लक्षात ठेवायचं असलं की ती ओढणीच्या टोकाला गाठ मारते. दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत, एक गाठ. शेजारच्या चाचींची कढई परत करायची आहे, दुसरी गाठ. काम झालं की गाठ सुटते, त्याआधी नाही. लहानपणी आम्ही खेळता खेळता तिच्या ओढणीला हात लावला की ती दटावायची, "सोडू नका रे, त्यात माझं काम बांधलंय!"

दोन वर्षांपूर्वी अशीच एक गाठ मी माझ्या हातांनी सोडली. "अम्मी, आता गाठींची गरज नाही, मी मोबाइलमध्ये लिहून घेतलंय," असं वर तिला ऐकवलंही. त्या गाठीची ही हकीकत. सांगताना थोडी लाज वाटते. पण आता बहुतेक घरांत लग्नकार्याच्या याद्या मोबाइलवरच होतात. माझी चूक वाचून एखाद्या घरातली चूक टळली, तरी लिहिल्याचं सार्थक होईल.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, तेव्हा आम्ही सगळे तीन गावांत विखुरलेले होतो. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली होती. अम्मी आणि धाकटी लातूरला, भाऊ आणि भाभी नोकरीनिमित्त पुण्यात, आणि मी नांदेडला, देगलूर नाक्याच्या बाजूला. माझी शाळेतली नोकरी, दोन मुलं, घरी सासूबाई. निकाह डिसेंबरात लातूरला व्हायचा होता. नांदेड ते लातूर रस्ता साधारण 140 किलोमीटरचा. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी पोहोचेपर्यंत तीन-साडेतीन तास जातात. रविवारी पहाटे निघायचं, गंजगोलाईत खरेदी उरकायची, रात्री परतायचं आणि सोमवारी सकाळी वर्गावर उभं राहायचं, हे दर आठवड्याला जमणारं नव्हतं. त्यामुळे सगळा कारभार फोनवर आला.

फोनवरचा कारभार कसा चालतो, ते आपल्याला सांगायला नको. आम्ही व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. त्यात जुम्म्याच्या मुबारकबाद, भाचरांचे फोटो आणि लग्नाची कामं एकात एक मिसळून गेली. बांगड्यांचा चुडा दोनदा आला. काजीसाहेबांना मात्र कुणीच कळवलं नव्हतं. मला वाटत होतं अम्मीने सांगितलं असेल. अम्मीला वाटत होतं, ते पुरुषमाणसाचं काम, मुलाने केलं असेल. आणि भावाचं म्हणणं, "बाजी सगळं बघते म्हणून मी गप्प होतो."

आमच्या शाळेत संगणक शिकवणारे सर आहेत. माझी धावपळ बघून त्यांनीच मला कामांच्या यादीचं एक ॲप मोबाइलवर घालून दिलं आणि ती यादी भावाच्या व धाकटीच्या फोनवरही जोडून दिली. एकाने लिहिलं की तिघांना दिसतं, एकाने खूण केली की तिघांकडे काम खोडलं जातं. त्यात एक मोठं काम लिहायचं आणि त्याच्या खाली, थोडं आत सरकवून, त्याची छोटी कामं. मोठं काम म्हणजे प्रोजेक्ट आणि छोटी ती सबटास्क. मला आपला सातबारा आठवला. गट नंबर एकच, पण त्याचे पोटहिस्से वेगवेगळे. तेव्हापासून आमच्या घरात सबटास्कला 'पोटकाम' हाच शब्द रूढ झाला.

लातूरकरांना सांगायचं तर गंजगोलाई डोळ्यांसमोर आणा. मध्ये गोल आणि भोवती 16 रस्ते फुटलेले. कुणी कापड लाइनकडे वळतं, कुणी सराफ लाइनकडे. आमच्या यादीच्या मध्यभागी 'निकाह' लिहिला. त्यातून रस्ते फुटले: शादीखाना, दावत, कपडे, कागदपत्रं, पाहुणे, हिशेब. आणि प्रत्येक रस्त्यावर त्याची दुकानं, म्हणजे पोटकामं.

डेव्हिड ॲलन या अमेरिकन लेखकाचं 'गेटिंग थिंग्ज डन' हे कामांच्या नियोजनावरचं पुस्तक 2001 मध्ये आलं. त्यात त्यांनी प्रोजेक्टची फार सोपी व्याख्या केली आहे. जे काम एका पावलात पुरं होत नाही, ते प्रोजेक्ट. आणि त्याला सतत विचारायचा प्रश्न एकच: आता पुढचं पाऊल कोणतं? या मापाने पाहिलं तर घरातल्या बाईच्या डोक्यात एका वेळी किती प्रोजेक्ट चाललेले असतात, ते मोजायला बसू नये. घरातले पडदे धुणं हासुद्धा प्रोजेक्टच आहे. काढणं, भिजवणं, वाळवणं आणि परत लावायला उंच माणूस शोधणं.

सुरुवातीला मी नुसतं 'शादीखाना' एवढंच लिहून ठेवलं होतं. तो शब्द रोज दिसायचा, रोज छातीत धस्स व्हायचं आणि काम मात्र तसंच राहायचं. नुसत्या नावाने हात हलत नाहीत, हे हळूहळू कळलं. मग लिहिलं: शादीखान्यात फोन करून तारीख पक्की करणे. आगाऊ रक्कम भरून पावतीचा फोटो टाकणे. महिलांच्या बाजूला पाण्याची सोय बघून येणे. कागदपत्रांखाली आलं: दोन्हीकडची आधार कार्डं आणि फोटो, वकील आणि गवाहांची नावं, मेहरची रक्कम दोन्ही घरांकडून पक्की करणे. दावतीखाली बावर्चींशी बोलायच्या गोष्टी: डेग किती, तांदूळ कोणता, गोश्त कोण आणणार, दालच्याची डाळ घरून द्यायची की त्यांची. ज्या ओळीत 'करणे', 'विचारणे', 'आणणे' असं क्रियापद आलं, ती ओळ चालू लागली.

अम्मीला ॲप वापरता येत नाही. पण इशाच्या नमाजनंतर धाकटी तिला यादी वाचून दाखवायची, आणि अम्मी बसल्या जागी चूक काढायची. "मस्जिदीच्या मुअज्जिनसाहेबांना दावत लिहिली का? सासरकडच्या म्हाताऱ्या फुफींना पायऱ्या चढवत नाहीत, त्यांची खुर्ची खाली ठेवायची, ते लिही." ती सांगत जायची, धाकटी लिहीत जायची. भावाच्या नावासमोरची कामं मात्र बघण्यासारखी होती. तीन ठिकाणी त्याने स्वतःच लिहिलं होतं: 'अम्मीला विचारणे'.

तरी खरं सांगते, त्या यादीने आम्हाला तारलं. रात्री उठून, हे राहिलं ते राहिलं म्हणत बसणं थांबलं. एकमेकांवर आवाज चढवणंही थांबलं.

निकाहला आठ दिवस उरले, तेव्हा पैशाची ओढाताण झाली. शादीखान्याचे उरलेले पैसे आणि बावर्चींची उचल एकदम आली. अम्मीचा भिशीचा नंबर जानेवारीत लागणार होता, त्याला अवकाश होता. ही गोष्ट अम्मीच्या थोरल्या बहिणीच्या, माझ्या खालांच्या कानावर गेली. खालूंच्या माघारी खालांनी शिलाई मशीनवर संसार रेटला आहे. दुसऱ्या दिवशी त्या कापडी पिशवी घेऊन आल्या. आत रबर लावलेल्या गड्ड्या होत्या, 80,000 रुपये.

"भिशी लागली की दे," त्या अम्मीला म्हणाल्या. "लिहिणं-बिहिणं काही नको."

मी त्या दिवशी लातुरात होते. म्हटलं, "नाही खाला, लिहिणार." आणि त्यांच्यासमोरच फोन काढून 'निकाह'मधल्या 'हिशेब'खाली ओळ लिहिली: 'खालांचे 80,000, भिशी लागली की देणे.' खाला हसल्या. अम्मीने तोवर सवयीने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून गाठ मारली होती.

"अम्मी, लग्नात गाठी मारलेली ओढणी घेऊन फिरणार का? फोटो निघतील," असं म्हणत मी ती गाठ सोडली. "तीन फोनांवर लिहिलंय. आता विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही."

निकाह सुरेख झाला. काजीसाहेब वेळेवर आले, मेहर रोख दिला गेला, बिर्याणी पुरून उरली, खुबानीचा मीठा मात्र कमी पडला. रुखसतीनंतर शादीखान्यात रिकाम्या खुर्च्यांच्या मध्ये मी पाय पसरून बसले, डोळे पुसले आणि फोन उघडला. पाच-सहा ओळी सोडल्या तर सगळी कामं झालेली होती. मन भरून आलं. मी सगळ्यांत वरच्या ओळीवर, 'निकाह'समोर, बोट ठेवलं आणि टिक केली. सरसर सगळ्या ओळींवरून रेघ फिरली आणि यादी मिटून गेली. मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, अल्हम्दुलिल्लाह.

वरच्या कामावर टिक केली की त्याच्या पोटातली सगळी कामं झाल्यात जमा होतात, अशी त्या ॲपची रीत होती. मला ती माहीत नव्हती, आणि त्या रात्री पाहायची शुद्धही नव्हती.

मिटलेल्या त्या पाच-सहा ओळींत मांडववाल्यांचे पैसे होते. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, दिले. बावर्चींची बाकी होती. त्यांचा मुलगा दारात उभा राहिला, दिली. सतरंज्या परत करायच्या होत्या, त्याही ज्याच्या त्याने मागून नेल्या. ज्यांनी मागितलं त्यांचं फिटलं. खालांनी मागितलं नाही.

जानेवारीत भिशी लागली. अम्मीने पैसे भावाकडे दिले आणि विचारलं, "आपाचे द्यायचे राहिलेत ना?" भावाने यादी उघडली. ओळीवर रेघ होती. "नाही अम्मी, यादीत झालंय. बाजीने परस्पर दिले असतील." भिशीचे पैसे सराफाच्या बाकीत आणि घरखर्चात गेले. मला कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही दिसतच नव्हतं. मी यादी पुन्हा उघडली नाही, कारण माझ्या लेखी लग्न पार पडलं होतं.

मे महिन्यात भावाच्या बाळाचा अकीका ठरला. म्हटलं, दावतीची यादी आपल्याकडे तयारच आहे, तीच पुन्हा वापरू. नांदेडच्या उन्हाळ्यात रात्री अकरालाही गच्ची तापलेली असते. तिथेच चटईवर बसून मी जुनी यादी उलगडली. बावर्ची, तांदूळ, डेग, पाहुणे. वाचता वाचता 'हिशेब' आलं. 'खालांचे 80,000' या ओळीवर रेघ मारलेली होती. मी थबकले. हे कुणी दिले?

भावाला फोन लावला. "खालांचे पैसे तू दिलेस ना?"

"बाजी, टिक तर तूच केली होतीस."

पलीकडे तोही गप्प झाला, इकडे मीही. पाच महिने झाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. भावाने रात्रीच त्याच्याकडचे पैसे माझ्या खात्यावर पाठवले, मुलांच्या अब्बांनी उरलेले घातले, आणि मी पहाटेची एसटी धरली. अहमदपूरपर्यंत काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होते. अहमदपूरनंतर तेही सुचेना.

खाला मशीनवर बसल्या होत्या. मी पैसे पुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, यासाठी एवढ्या उन्हाची आलीस?" तेवढ्यात त्यांच्या शेजारीण भेटायला आल्या. फेब्रुवारीत उमरा करून आल्या होत्या. मला जमजम आणि खजूर देत त्या सहज म्हणाल्या, "तुझ्या खालांची आणि माझी जोडी ठरली होती. सहा वर्षं दोघी मिळून पैसे साठवत होतो. ऐन वेळी यांचं काही जमलं नाही. तिथे प्रत्येक ठिकाणी मला यांची आठवण आली."

खालांनी डोळ्यांनी त्यांना गप्प केलं. पण मला कळायचं ते कळलं. ते 80,000 रुपये उमऱ्याचे होते. पैसे भरायची तारीख आली आणि गेली, आणि खाला मशीन चालवत राहिल्या.

"तुम्ही एक फोन का नाही केला?" मी विचारलं.

"मला वाटलं, नुकतं लग्न झालेलं घर आहे, अजून तंगी असेल. मागितले असते तर तुम्ही दुसऱ्याचं कर्ज काढून माझं फेडलं असतं." मग आमच्या घरगुती बोलीत म्हणाल्या, "रिश्ते में तगादा अच्छा नहीं लगता, बेटा."

आपल्याकडे मोठ्या मनाची माणसं गोष्ट पोटात ठेवतात. आम्ही त्यांचं देणं आमच्या पोटकामांत ठेवलं होतं, आणि त्यांनी आमचा विसर त्यांच्या पोटात ठेवला.

परतीच्या प्रवासात मी चूक नेमकी कुठे झाली ते शोधत होते. ॲपला दोष देणं सोपं होतं, म्हणूनच इथे त्याचं नावही घेत नाही. बोट माझं होतं. पण बोटाच्याही आधी तीन चुका झाल्या होत्या.

पहिली चूक जागेची. खालांचं देणं मी निकाहच्या पोटात लिहिलं. पैसे लग्नासाठी घेतले होते हे खरं, पण लग्न झालं म्हणून देणं संपत नाही. दोघांचे शेवट वेगळे होते. निकाहचा शेवट रुखसतीला होता, कर्जाचा शेवट खालांच्या हातात. ज्या दोन कामांचे शेवट वेगळे, त्यांना एकाच्या पोटात दुसरं ठेवू नये. दुसरी चूक नावाची. ओळीसमोर कुणाचंच नाव नव्हतं. तिघांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, हे काजीसाहेबांच्या वेळी एकदा कळूनही आम्ही शिकलो नव्हतो. तिसरी चूक तारखेची. 'भिशी लागली की' ही काही तारीख नव्हे.

सूरह अल-बकराची 282 वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ती आहे देण्याघेण्याच्या लेखी नोंदीविषयी. मुदत ठरवा, लिहा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका, गवाह ठेवा, अशी तिची शिकवण. ज्याच्यावर देणं आहे त्यानेच मजकूर सांगायचा, हेही त्यात आहे. म्हणजे जबाबदारी घेणाऱ्याची आहे, देणाऱ्याने आठवण करून देत बसायचं नाही. मी खालांसमोर ऐटीत फोन काढला, तेव्हा मला वाटलं होतं की आपण हे पाळलं. लिहिणं पाळलं, मुदत सोडून दिली.

एक गोष्ट मला नंतर वाचनात मिळाली. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बर्लिनमध्ये केलेले प्रयोग 1927 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी लोकांना छोटी छोटी कामं दिली, काही पुरी करू दिली, काही मध्येच थांबवली. नंतर विचारलं तर अर्धवट राहिलेली कामं लोकांना जास्त आठवत होती. अपुरं काम मनाला टोचत राहतं, पुरं झालं की मन ते सोडून देतं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी याच्या पुढचं दाखवलं. काम पुरं झालं नसलं, पण कधी, कुठे, कसं करायचं याचा पक्का बेत केला, तरी मनाची टोचणी थांबते.

यादी केल्यावर आम्हाला शांत झोप का लागली, ते यावरून उमगलं. आणि पाच महिने कुणालाच काही कसं टोचलं नाही, तेही उमगलं. एकदा लिहिलं की मन यादीवर विसंबतं. मग यादी चुकली तर आठवण करून देणारं कुणीच उरत नाही. अम्मीच्या गाठीचं तसं नव्हतं. ती दिवसातून दहा वेळा हाताला लागायची.

त्यानंतर आम्ही यादी सोडली नाही, करायची रीत बदलली. ती इथे सांगते, कुणाला उपयोगी पडली तर घ्यावी.

मोठ्या कामाचं नाव आता त्याच्या शेवटावरून ठेवतो. 'अकीका' एवढंच लिहीत नाही. 'अकीका झाला, गोश्त वाटलं, आणलेली भांडी परत गेली' असं लिहितो. नाव वाचलं की काम खरंच संपलं का ते कळतं. प्रत्येक पोटकामासमोर एकच नाव आणि एक तारीख. मदतीला कितीही जण असोत, जाब एकाला. पोटातल्या पोटात फार शिरत नाही. 'टूडूइस्ट' या ॲपमध्ये पोटकामाच्या खाली आणखी पोटकामं लिहिता येतात. बोस्नियात जन्मलेल्या आणि युद्धामुळे लहानपणी कुटुंबासह डेन्मार्कला गेलेल्या आमिर सालिहेफेंदिच यांनी ते 2007 मध्ये, विद्यार्थी असताना, स्वतःचीच कामं सांभाळायला बनवलं. 'गुगल टास्क्स'मध्ये पोटकामांची एकच पायरी मिळते. घरासाठी ती पुरते, असा माझा अनुभव आहे. त्याहून खोल गेलेलं काम डोळ्यांआड होतं. त्याला सरळ बाहेर काढून वेगळं मोठं काम करावं.

नवीन ॲप घेतलं तर आधी एक खोटं काम लिहावं, त्याखाली दोन खोटी पोटकामं लिहावीत आणि वरच्यावर टिक करून बघावी. पोटातली दोन्ही खोडली गेली की उरली, ते अर्ध्या मिनिटात कळतं. हे अर्धं मिनिट मी दिलं असतं तर खाला फेब्रुवारीतच गेल्या असत्या.

आणि शेवटची गोष्ट. लोकांचं जे जे आपल्याकडे आहे, ते आता कुठल्याही दावतीच्या पोटात लिहीत नाही. त्याची यादीच वेगळी आहे आणि तिचं नाव 'अमानत'. उसने पैसे, मागून आणलेली डेग, सतरंज्या, कुणाचा डबा, कुणाचं पुस्तक, सगळं तिथे. त्या यादीत टिक करायचा नियम एकच. ज्याचं आहे त्याने 'मिळालं' म्हटल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ही यादी कधी पूर्ण रिकामी होत नाही, पण महिन्यातून एकदा, पगाराच्या रविवारी, आम्ही ती फोनवर एकमेकांना वाचून दाखवतो.

पुढच्या हिवाळ्यात खाला उमऱ्याला गेल्या. तोवर भाडं वाढलं होतं, वरची रक्कम आम्ही तिघांनी घातली. त्यांच्या जाण्याची यादी धाकटीने केली: पासपोर्टची मुदत बघणे, मेंदूज्वराची लस घेणे, साखरेच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी वेगळ्या पिशवीत ठेवणे, मऊ चप्पल आणणे. प्रत्येक ओळीसमोर नाव आणि तारीख. शेजारीण मात्र या वेळी बरोबर नव्हत्या. खाला गटातल्या अनोळखी बायकांसोबत गेल्या. पैसे आम्ही परत करू शकलो, ती जोडी परत करता आली नाही.

त्या सुखरूप परत आल्या, तेव्हा आम्ही सगळे लातूरला जमलो होतो. धाकटीने फोन त्यांच्यासमोर धरला. "खाला, शेवटची टिक तुम्ही करा." खालांनी चष्मा लावला, बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं. "आधी आतलं सगळं वाचून दाखव," त्या म्हणाल्या. धाकटीने एकेक ओळ वाचली. प्रत्येक ओळीला त्या "हो, झालं" म्हणाल्या, आणि मगच बोट टेकवलं.

परवा मी लातूरला गेले, तर अम्मीच्या ओढणीला गाठ दिसली. मी हात लावला नाही. नुसतं विचारलं, "ही कशाची?"

"तुझ्याकडे माझा स्टीलचा डबा राहिलाय," ती म्हणाली. "ईदेला शीरखुर्मा भरून दिला होता तो."

मी फोन काढून 'अमानत' उघडली. त्यात डबा नव्हता.